हार्टच्या गोळ्या "शॉर्ट" आहेत? कुठली थांबू शकते, कुठली नाही आणि कुठे शोधायची

मी तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरवर काम करते, आणि हे लिहायला बसण्याचं कारण म्हणजे "शॉर्ट आहे, परवा येईल" हे वाक्य आम्ही दिवसातून कितीतरी वेळा बोलतो आणि समोरचा माणूस "बरं, परवा येतो" म्हणून पिशवी घडी करून निघून जातो. खोकल्याच्या बाटलीसाठी ते ठीक आहे. हार्टच्या गोळीसाठी ते कधी चालून जातं आणि कधी जिवावर बेततं हे त्याला माहीत नसतं, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. डॉक्टर म्हणतात गोळ्या बंद करू नका, बास. पण डब्यातल्या पाच-सहा गोळ्यांपैकी कुठली एक दिवसही चुकवायची नाही आणि कुठलीसाठी दोन दिवस वाट बघितली तरी आभाळ कोसळत नाही, हे घरातल्या निदान एका माणसाला पाठ पाहिजे. बाकी सगळी धावपळ त्यावरून ठरते. डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम, मी फक्त धावपळ कशी करायची ते सांगते.

आधी डब्यातल्या गोळ्यांची वाटणी करा

स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला घातलेली छोटी जाळी, बसवलेला असेल तर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून साधारण दोन गोळ्या सोबत चालू असतात, एक ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल यापैकी एक. डॉक्टरांनी जी मुदत दिलीय, बहुतेकांना सहा महिने ते वर्षभर, तोपर्यंत यातली कुठलीच गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवायची नाही, कारण नवीन स्टेंटच्या जाळीवर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चढायला वेळ लागतो आणि तोपर्यंत तिथे रक्त गोठलं तर थेट मोठा अटॅक येतो. त्यातही टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा असते आणि तिचा असर क्लोपिडोग्रेलपेक्षा लवकर उतरतो, म्हणजे ती संपली तर हातात वेळ फारच कमी. ती मिळत नसली तर डॉक्टर क्लोपिडोग्रेलवर आणू शकतात, पण बदलताना पहिला डोस किती द्यायचा याचं वेगळं गणित असतं, ते घरी बसून करायचं नाही.

दुसरे म्हणजे व्हॉल्व्हवाले. मेटलचा व्हॉल्व्ह असेल तर ॲसिट्रॉम म्हणजे ॲसेनोकुमरॉल किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर असते. ॲसेनोकुमरॉल शरीरातून वॉर्फरिनच्या मानाने खूप लवकर निघून जाते, त्यामुळे "दोन दिवसांनी देतो" हे ऐकून घरी जाऊन चालत नाही. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगट्रान या नव्या गोळ्याही रक्त पातळ करायच्याच असल्या तरी मेटलच्या व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत, डॅबिगट्रान तशा पेशंटना देऊन बघितली तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. त्यामुळे कुणी म्हणालं "ही घ्या, हिला तर टेस्टसुद्धा लागत नाही", तर घ्यायची नाही. उलट ज्यांना ठोके अनियमित असतात म्हणून याच नव्या गोळ्या चालू आहेत त्यांचीही गोळी अडकून चालत नाही, असर एक-दोन दिवसात उतरतो आणि पॅरालिसिसचा धोका परत येतो.

तिसरा गट बीटा ब्लॉकर, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, ॲटेनोलॉल, नावाच्या शेवटी लॉल असलेल्या गोळ्या. लोकांना ही बीपीची साधी गोळी वाटते. पण ज्यांना अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) आहे किंवा अटॅक येऊन गेलाय त्यांनी ती एकदम बंद केली तर ठोके उसळतात, छातीत दुखायला लागतं, कधी अटॅकही येतो. डॉक्टरसुद्धा ही गोळी बंद करायची असली तर हळूहळू कमी करतात. क्लोनिडिनचंही तसंच, एकदम थांबली की बीपी उलट आधीपेक्षा वर जातं.

आणि लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड म्हणजे लॅसिक्स नाहीतर टॉर्सेमाइड म्हणजे डायटॉर वगैरे. हार्ट फेल्युअरच्या पेशंटची ही गोळी दोन-तीन दिवस चुकली की पायावर सूज, झोपल्यावर दम, उशीवर उशी लावून बसणं सुरू. अशा घरात वजनकाटा पाहिजेच, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं आणि दोन-तीन दिवसात दीड-दोन किलो वाढलं तर गोळीची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

यांच्या मानाने कोलेस्टेरॉलची गोळी, ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन, दोन दिवस उशिरा मिळाली तर सहसा काही बिघडत नाही, फक्त नुकताच अटॅक येऊन गेला असेल तर तीही सोडायची नाही. ॲम्लोडिपिन शरीरात बराच वेळ टिकते, एखादा दिवस निभतो. टेल्मिसार्टनचा एखादा डोस चुकला तर लगेच संकट येत नाही पण बीपी चढायला लागतं, म्हणून घरी मशीन असेल तर मोजत राहा. आणि जिभेखालची गोळी, सॉर्बिट्रेट, ही रोजची नसली तरी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर घरात नाही असं कधीच होऊ द्यायचं नाही, वर्षभर लागत नाही म्हणून तिची एक्सपायरी कुणी बघतच नाही, आज उठून बघा.

कंटेंट लिहून ठेवा, कंपनीचं नाव नंतर

आमच्याकडे लोक येतात आणि म्हणतात "ताई, ती गुलाबी छोटी द्या, गोल". ओळखीचे असतील तर आम्हाला कळतं, पण हीच माणसं गावाला गेली, मुलीकडे पुण्याला गेली आणि तिथे गोळी संपली की पंचाईत. पट्टीवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं नाव, त्याच्याखाली बारीक अक्षरात असतो तो कंटेंट, म्हणजे खरं औषध, आणि त्याच्यापुढे मिलिग्रॅम. हे बारीक अक्षरातलं वहीत उतरवून घ्या, गोळी कशासाठी आहे ते आपल्या भाषेत पुढे लिहा, वेळ लिहा. पट्टीचा पुढून-मागून फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. डिस्चार्ज कार्डाचाही, त्यावर स्टेंट कधी बसवला ती तारीख असते आणि आणीबाणीत ती तारीखच सगळ्यात आधी विचारतात.

उतरवताना शेपटासकट उतरवा. मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि मेटोप्रोलॉल टार्ट्रेट दोन्ही मेटोप्रोलॉलच, पण सक्सिनेट हळूहळू सुटणारी, दिवसातून एकदा घ्यायची, नावापुढे एक्सएल किंवा ईआर असतं, आणि टार्ट्रेट सहसा दिवसातून दोनदा. एकाच्या जागी दुसरी तशीच्या तशी चालत नाही. एक्सएलवाल्या गोळ्या कुटून किंवा चावून घ्यायच्या नाहीत हेही त्यातच आलं.

आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं घालायची पद्धत फार आहे, टेल्मिसार्टन अधिक ॲम्लोडिपिन अधिक पाणी काढायचं औषध, ॲस्पिरिन अधिक ॲटोर्वास्टॅटिन, अशी असंख्य. तुटवडा असतो तेव्हा बऱ्याचदा ही जोडगोळी शॉर्ट असते आणि तीच औषधं सुटी सुटी शेल्फवर पडलेली असतात. कंटेंट लिहिलेला असेल तर डॉक्टरांना फोनवर विचारता येतं की एकाऐवजी दोन सुट्या घेतल्या तर चालेल का, आणि मिलिग्रॅम जुळत असतील तर ते बहुतेक वेळा हो म्हणतात. माझ्या मते अर्धे प्रश्न तर इथेच सुटतात.

पण याच जागी एक घोळ होतो, तो सांभाळा. समजा ॲस्पिरिन-ॲटोर्वास्टॅटिनची कॅप्सूल (इकोस्प्रिन एव्ही) मिळाली नाही म्हणून कुणी इकोस्प्रिन गोल्ड दिली. गोल्डमध्ये क्लोपिडोग्रेलही असतं. आणि घरी क्लोपिडोग्रेलची वेगळी पट्टी आधीपासून चालू आहे. झालं, रोज डबल डोस, आणि मग हिरड्यातून रक्त, काळी शी, अंगावर निळे डाग. म्हणून बदलून आलेली कुठलीही पट्टी डब्यात टाकण्याआधी तिचा कंटेंट वहीशी ताडून बघायचा आणि जुनी उरलेली पट्टी डब्यातून बाहेर काढून ठेवायची.

संपायच्या आधी आठ-दहा दिवस

पट्ट्यांचं गणित विचित्र असतं, कुठली दहाची, कुठली चौदाची, कुठली पंधराची, कुठली तीसची. त्यामुळे प्रत्येक गोळी वेगळ्या दिवशी संपते आणि माणूस महिन्यातून चार वेळा मेडिकलमध्ये येतो आणि एखादी हमखास राहून जाते. एकदाच बसून मोजा, कुठली किती उरलीय, आणि जी कमी आहे ती सुटी कापून घेऊन सगळ्या एका तारखेला आणा. पट्टी कापून घेताना एक्सपायरी आणि बॅच नंबर छापलेला भाग तुमच्याकडे येईल असं बघा, नाहीतर निदान बिलावर तरी ते असू द्या.

मग त्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधी आमच्याकडे या किंवा फोन करा. आम्ही स्टॉकिस्टकडे ऑर्डर टाकतो, स्टॉकिस्ट कंपनीच्या डेपोकडून मागवतो, कुठल्याही एका टप्प्यावर अडलं की आमचं शेल्फ रिकामं. दर महिन्याला लागणारी गोळी आहे हे आधी सांगितलंत तर कुठलाही चांगला मेडिकलवाला तुमच्या नावाने दोन पट्ट्या बाजूला काढून ठेवतो, त्यालाही गिऱ्हाईक टिकवायचं असतं.

दिवाळीत ट्रान्सपोर्ट आणि स्टॉकिस्ट दोन्ही बंद असतात, मार्चअखेरीला हिशेबाच्या गडबडीत माल कमी उचलला जातो. २२ सप्टेंबर २०२५ ला औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हाही जुन्या दराचा माल अंगावर पडू नये म्हणून त्याआधी लोकांनी हात आखडते घेतले होते. केमिस्टांचा बंदही असतो, २८ सप्टेंबर २०१८ ला ऑनलाइन विक्रीच्या विरोधात देशभर झाला होता, आणि बंदची तारीख आधी जाहीर होते म्हणून पेपर वाचत जा. आणि पावसाळा. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ ला चिपळूण, दुकानात पाणी शिरलं, रस्ते तुटले, गोळ्या आणायच्या कुठून. नदीकाठी, घाटाखाली, कोकणात राहणाऱ्यांनी जूनच्या सुरुवातीलाच पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या घरात ठेवाव्यात असं मला अगदी मनापासून वाटतं. त्याला साठेबाजी म्हणत नाहीत. फक्त नवीन आणलेली मागे, जुनी पुढे, आणि पट्टीतून काढून बरणीत भरून ठेवायच्या नाहीत, दमट हवेत खराब होतात. पुराच्या वेळी घर सोडायचं म्हणाल तर कागदपत्रांच्या पिशवीत पहिली जागा गोळ्यांची.

पण सहा-सहा महिन्यांचं एकदम भरू नका. मध्ये डॉक्टर डोस बदलतात, पैसे वाया जातात, आणि तुटवड्याच्या काळात एकाने सहा महिन्यांचं नेलं की मागच्या पाच जणांना मिळत नाही.

चिठ्ठीवर काय लिहून घ्यायचं

हार्टच्या जवळजवळ सगळ्या गोळ्या शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या. नियम असा आहे की चिठ्ठीवर पुन्हा द्या असं लिहिलेलं नसेल तर ती एकदाच चालते. दुसरा नियम लोकांना माहीत नसतो, चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं काही, मग त्यात तोच कंटेंट का असेना, केमिस्टने स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. काउंटरवर रोज काय चालतं ते सगळ्यांना दिसतं, पण नियम हा आहे, आणि एखादा मेडिकलवाला "डॉक्टरांना विचारून या" म्हणाला तर तो अडवणूक करत नसतो. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हाच त्यांना सांगून दोन गोष्टी लिहून घ्या: ही औषधं तीन महिने (किंवा पुढच्या तपासणीपर्यंत) दर महिन्याला द्यावीत, आणि ब्रँडसोबत कंटेंटचं नाव. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची पुढची तारीख लांबची मिळते, चिठ्ठी मध्येच संपते आणि मग धावाधाव, ती याने वाचते.

तरी संपलीच तर प्रत्येक वेळी प्रवास करून जायला हवं असं नाही. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, त्यानुसार तुमचे नेहमीचे डॉक्टर फोनवर बोलून चालू औषधांची चिठ्ठी पुन्हा देऊ शकतात, सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालतो. ओळखीचे डॉक्टर मिळत नसतील तर सरकारचं ई-संजीवनी आहे, म्हणजे ऑनलाइन डॉक्टरांशी बोलायची सोय, मोफत आहे, त्यांच्याशी बोलताना जुनी चिठ्ठी, वही आणि आजचं बीपी समोर घेऊन बसा.

काउंटरवर विचारायचे प्रश्न

"नाहीये" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. विचारा, नक्की काय नाहीये? या कंपनीची नाहीये, की या मिलिग्रॅमची नाहीये, की हा कंटेंटच बाजारात येत नाहीये? तिन्हीची उत्तरं वेगळी.

कंपनीची नसेल तर त्याच कंटेंटची, त्याच मिलिग्रॅमची दुसऱ्या कंपनीची पट्टी दाखवायला सांगा, फोटो डॉक्टरांना पाठवा, हो आलं की घ्या. बहुतेक गोळ्यांना एवढं पुरतं. अपवाद ॲसेनोकुमरॉल, वॉर्फरिन आणि डिगॉक्सिन या हार्टच्याच एका गोळीचा, यांच्या डोसमध्ये थोडाही फरक पडला की असर बदलतो, तेव्हा कंपनी बदलल्याचं डॉक्टरांना सांगायचंच आणि रक्त पातळ करायच्या गोळीसाठी साधारण आठवड्याभरात आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी टेस्ट, करून घ्यायचा. ॲसेनोकुमरॉलऐवजी वॉर्फरिन तेवढ्याच मिलिग्रॅमची, असं तर कधीच नाही, दोघींचे डोस वेगळे असतात. डिगॉक्सिन आपल्याकडे बऱ्याच जणांना आठवड्यातून पाचच दिवस असते, ते सुट्टीचे दोन दिवसही वहीत लिहा, नाहीतर गावाला गेल्यावर दुसरं कुणीतरी रोज देत बसतं.

मिलिग्रॅमची नसेल तर पन्नासच्या जागी पंचवीसच्या दोन, असं डॉक्टर सांगू शकतात. मोठी अर्धी करायची असेल तर ती गोळी तोडण्यासारखी आहे का हे विचारा, मधोमध रेघ नसेल तर सहसा नाही, कॅप्सूल तर नाहीच. लॅसिक्स आणि डायटॉर एकमेकींच्या जागी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावायच्या नाहीत, टॉर्सेमाइड कमी मिलिग्रॅममध्ये जास्त काम करते.

आणि जेवढ्या आहेत तेवढ्या घेऊन टाका. दुकानात पाच गोळ्या असतील तर पाच न्या, बाकीच्या ऑर्डरीत. पाच दिवस म्हणजे शोधायला पाच दिवस.

कुठे कुठे बघायचं

ज्या हॉस्पिटलमध्ये अँजिओप्लास्टी झाली त्यांच्या आतल्या मेडिकलला आधी फोन करा, स्टेंटवाल्यांच्या गोळ्या त्यांना रोज लागतात, साठा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्डिॲक हॉस्पिटलच्या आसपासची दुकानं, आमच्यासारख्या गावातल्या दुकानांपेक्षा तिथे मिळायची शक्यता जास्त. मुंबईत नातेवाईक असेल तर प्रिन्सेस स्ट्रीट, पुण्यात सदाशिव पेठ, नागपुरात गंजीपेठेतला दवाबाजार, ही घाऊक औषधांची ठिकाणं आहेत, तिथल्या आसपासच्या किरकोळ दुकानांना माल लवकर मिळतो. चिठ्ठीचा फोटो पाठवून भाच्याला सांगायचं आणि एसटीने मागवायचं, गावाकडे असंच चालतं.

जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान, विसरू नका. तिथे कंपनीचं नाव नसतं, कंटेंटच असतो, म्हणून वही घेऊन जा. जनऔषधी सुगम नावाचं ॲप आहे, जवळचं केंद्र आणि औषध दोन्ही त्यात शोधता येतं, पण निघण्याआधी केंद्राला फोन करा, यादीत असणं आणि शेल्फवर असणं वेगळं. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांच्या आवारात काही ठिकाणी अमृत फार्मसी असते, कॅन्सर आणि हार्टची औषधं हाच तिचा मुख्य माल. बीपीच्या साध्या गोळ्या, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारच मोफत केलेत. आशाताईंना विचारलं तर कुठल्या दिवशी जायचं ते त्या सांगतात. ईएसआय (कामगार विमा), सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी), ईसीएचएस (माजी सैनिक) या योजनांतल्या लोकांनी औषध नसेल तर "उपलब्ध नाही" असं त्यांच्याकडून लिहून घ्या आणि बाहेरून घेतल्याची बिलं जपून ठेवा.

ऑनलाइनवर मागवायचं तर चिठ्ठी मागणाऱ्या, पक्कं बिल देणाऱ्या ठिकाणाहूनच. तुटवड्यातच बनावट माल फिरतो. एखादी गोळी सगळीकडे शॉर्ट असताना व्हॉट्सॲपवर कुणी निम्म्या किमतीत द्यायला लागलं तर लांब राहा. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे, असेल तर स्कॅन करून बॅच आणि एक्सपायरी पट्टीशी जुळतेय का बघा.

पेनिड्युरवाली मुलं

हे वेगळं लिहिते कारण यात फार हाल बघितलेत. लहानपणी घसा येऊन, मग ताप आणि सांधे सुजून (रुमॅटिक फीव्हर) ज्यांच्या हृदयाच्या व्हॉल्व्हवर परिणाम होतो त्या मुलांना दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं (पेनिड्युर) इंजेक्शन असतं, पुढे कित्येक वर्षं. औषध जुनं, स्वस्त, कच्चा माल बनवणारे जगात मोजकेच, म्हणून ते सारखं शॉर्ट होतं. २०१४ ते २०१६ या काळात ३९ देशांनी याच्या तुटवड्याची नोंद केली होती. त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण, व्हायल (इंजेक्शनची बाटली) मिळाली तरी रिॲक्शनच्या भीतीने बरेच खाजगी दवाखाने टोचायला तयार नसतात. त्यामुळे आईबापांनी दोन शोध सोबत चालवायचे, व्हायल कुठे आणि टोचणार कोण. आज इंजेक्शन झालं की त्याच दिवशी पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा, दहा दिवस आधी व्हायल हातात पाहिजे, आणि टोचायचं सरकारी रुग्णालयात, जिथे रिॲक्शन आली तर सांभाळायची सोय आहे. तारीख जवळ आली आणि मिळतच नाहीये असं दिसलं तर मुलांच्या किंवा हार्टच्या डॉक्टरांना सांगा, ते तेवढ्यापुरत्या पेनिसिलिनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या देऊ शकतात, दिवसातून दोनदा, न चुकता. "मिळालं की बघू" म्हणून महिने जाऊ देऊ नका, मध्ये एकदा तोच रुमॅटिक ताप परत आला की व्हॉल्व्ह आणखी खराब होतो आणि ते पोर ऑपरेशनपर्यंत जातं.

हे अजिबात करू नका

उरलेल्या गोळ्या पुरवायच्या म्हणून एक दिवसाआड घेणं किंवा स्वतःच अर्धी करणं. शेजारच्या काकांची "सेम" गोळी आणणं. चुकलेला डोस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घेणं. जुन्या डब्यातल्या गोळ्या परत सुरू करणं, आणि यात सगळ्यात धोक्याचं हे: हार्ट फेल्युअरसाठी सॅक्युबिट्रिल-वॅलसार्टन चालू आहे, ती मिळाली नाही म्हणून आधीची रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेतली. या दोन औषधांच्या मध्ये किमान ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर तोंड, जीभ, घसा सुजून श्वास अडकू शकतो. खरं तर जानेवारी २०२३ ला या औषधाचं पेटंट इथे संपल्यापासून ते बऱ्याच कंपन्या बनवतात, तेव्हा एका नावाची मिळाली नाही तर दुसऱ्या नावाची मिळते, फक्त विचारा.

अर्जुनसालीचा काढा, लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा तो ब्लॉकेज उघडणारा फॉरवर्ड, हे गोळीच्या जागी चालत नाही. श्रद्धेने देणाऱ्या माणसाचं मन मोडायचं नसेल तर नका मोडू, पण स्टेंटची गोळी आणि व्हॉल्व्हची गोळी यांना पर्याय म्हणून काढा पाजू नका. रक्त पातळ करायच्या गोळीवर तर डॉक्टरांना न विचारता असलं काहीच सुरू करू नका.

सगळं करूनही आज रात्रीची गोळी नाही

पहिल्या दोन गटांतली, म्हणजे स्टेंटची किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर उद्याची वाट बघू नका, फाइल घेऊन जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि सांगा की अमुक तारखेला स्टेंट बसलाय, गोळी संपलीय, मिळत नाहीये. तिथे निदान आजचा डोस मिळतो किंवा डॉक्टर पर्याय ठरवतात. लाजायचं काही कारण नाही, याच कामासाठी ते तिथे बसलेले असतात. बीटा ब्लॉकर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि मिळेपर्यंत जड काम, चढ, शेतातली ओझी बंद. आणि गोळी चुकलेल्या दिवसांत छातीत दाब, घाम, दम, चक्कर, तोंड वाकडं, हात-पाय लुळे, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर १०८.

मुलांकडे परदेशी निघालेल्यांसाठी एवढंच, गोळ्या मूळ पट्टीत, हातातल्या बॅगेत, कंटेंट लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. आपली कंपनीची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत आणि काही ठिकाणी आकडेही वेगळे असतात, सॅक्युबिट्रिल-वॅलसार्टन आपल्याकडे ५० म्हणून मिळते ती तिकडे २४/२६ अशी लिहिलेली असते, दोन्ही एकच.

तक्रार कुठे करायची

एका दुकानात नाही म्हणजे तुटवडा नाही. पण चार-पाच दुकानं, जनऔषधी, हॉस्पिटलचं मेडिकल, कुठेच नाही आणि आठवडा झाला, तर नुसतं चरफडत बसू नका. औषधांच्या किमती ठरवणारं जे राष्ट्रीय प्राधिकरण आहे, एनपीपीए, ते तुटवड्याच्या तक्रारीही घेतं, फार्मा जन समाधान या पोर्टलवर किंवा १८०० १११ २५५ या टोल-फ्री नंबरवर. किंमत नियंत्रणाच्या यादीतलं औषध कंपनीला बंद करायचं असेल तर सहा महिने आधी सरकारला कळवावं लागतं आणि जाहीर नोटीस द्यावी लागते, त्यामुळे यादीतली गोळी अचानक गायब झाली तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कुणी छापील किमतीपेक्षा जास्त घेत असेल, बिल देत नसेल किंवा पट्टी बनावट वाटत असेल तर महाराष्ट्रात एफडीएचा (अन्न व औषध प्रशासन) नंबर १८०० २२२ ३६५. फोन करताना कंटेंट, मिलिग्रॅम, कंपनी, बॅच नंबर, कुठल्या गावात कुठल्या दुकानांत विचारलं आणि कुठल्या तारखांना, हे सगळं समोर लिहून ठेवा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या, नंबर असेल तर पुढच्या आठवड्यात परत फोन करून काय झालं ते विचारता येतं.